कर्णबधिर मुलाची भाषा वाढवायला मशीन, मोबाईल आणि व्हिडिओ कॉल कसे वापरायचे

मुलाला ऐकू कमी येतंय असं कळलं की घरात सगळ्यात जास्त चर्चा होते ती कुठलं मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, घ्यायचं याची, कुठली कंपनी, किती चॅनल, ब्लूटूथ आहे का, आणि ते साहजिकच आहे, कारण अशा वेळी हातात काहीतरी ठोस लागतं. पण मशीन कानाला लागल्यावर दुसऱ्या दिवसापासून करायचं काय, मोबाईल, व्हिडिओ कॉल, सबटायटल्स, चॅट या सगळ्यातून मुलाची भाषा खरंच वाढवायची कशी, हे नीट बसून सांगणारं माणूस क्वचित भेटतं. मी एका कर्णबधिर मुलीची आई आहे, आणि नव्याने यात आलेल्या आईवडिलांशी माझं सतत बोलणं होत असतं, त्यातून जे उपयोगी पडताना दिसलं ते इथे एकत्र लिहितेय. मूल लहान असेल तर सगळंच आत्ता लागू होणार नाही, वाचून ठेवा, पुढे लागेल.

आधी एक कसोटी ठरवून घ्या. कुठलंही मशीन, अ‍ॅप, गॅजेट समोर आलं की बघायचं एवढंच, की हे वापरायला लागल्यावर माझ्या मुलाचं माणसांशी बोलणं वाढलं का? बोलणं तोंडाने असो, खुणांनी असो, लिहून असो, पण मी काहीतरी म्हटलं, त्याने उत्तर दिलं, त्यावर मी परत काहीतरी म्हटलं, ही देवाणघेवाण वाढली पाहिजे, भाषा त्यातूनच येते. पॅट्रिशिया कूल या अमेरिकन संशोधिकेचा २००३ चा एक प्रयोग आहे, नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकवली, काही बाळांसमोर माणूस प्रत्यक्ष बसून खेळत होता, वाचून दाखवत होता, काहींना तेच टीव्हीवर दाखवलं आणि काहींना नुसता आवाज ऐकवला. प्रत्यक्ष माणूस भेटलेल्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता यायला लागले, बाकीच्या दोन्ही गटांना काही फरक पडला नाही. ही तर ऐकू येणारी बाळं होती. मग आपल्या मुलाला टॅबवर शब्दांचं अ‍ॅप लावून देऊन भाषा येईल अशी आशा किती ठेवायची ते तुम्हीच बघा. अ‍ॅप वाईट नसतं, पण शेजारी तुम्ही बसलेले पाहिजेत आणि स्क्रीनवर जे दिसतंय त्यावर तुमच्यात बोलणं झालं पाहिजे.

घाई कशाची करायची

ऐकण्याच्या बाबतीत जगभर एक-तीन-सहा असा हिशोब धरतात, एक महिन्याच्या आत ऐकण्याची पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, आणि सहा महिन्यांच्या आत मशीन, थेरपी, खुणा जे काही करायचं त्याची सुरुवात. क्रिस्टीन योशिनागा-इटानो या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ चा अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो, ज्या बाळांचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. तुमचं मूल त्या वयाच्या पुढे गेलं असेल तर हे वाचून खचून जाऊ नका, यातून घ्यायचं ते एवढंच की आजपासून एक आठवडाही रिकामा जाऊ द्यायचा नाही.

आणि रिकामा जातो तो नेमका कुठे, तर वाट बघण्यात. बेरा टेस्टची (कानाच्या नसेचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजणारी तपासणी) तारीख, मग मोल्डचं (मशीनचा कानात बसणारा साचा) माप, मग मशीन येण्याची वाट, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं यंत्र) ठरलं असेल तर ऑपरेशनची आणि त्यानंतर स्विच ऑनची, म्हणजे ते पहिल्यांदा चालू करण्याची वाट, आणि या सगळ्या काळात घरातले लोक मुलाशी बोलणंच कमी करतात, कारण ऐकूच येत नाही तर बोलून काय उपयोग असं मनात बसलेलं असतं. असं अजिबात करू नका. कान तयार होईपर्यंत डोळे तयारच आहेत. पहिल्या दिवसापासून खुणा सुरू करा, चेहऱ्यावर भाव आणून बोला, वस्तू दाखवा. खुणा शिकवल्या की मूल बोलणारच नाही ही भीती बरेच जण घालतात, नातेवाईकही घालतात, पण खुणांमुळे बोलणं अडतं असा ठोस पुरावा नाही. भाषाच न मिळता पहिली काही वर्षं निघून जाणं हा खरा धोका आहे.

मशीन रोज सकाळी तपासायचं कसं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं. मशीन कानावर आहे म्हणजे मूल ऐकतंय असं धरून चालू नका. सेल उतरलेला असतो, मोल्डच्या नळीत घामाचं पाणी साचलेलं असतं, मळ अडकलेला असतो, आणि तीन वर्षांचं मूल ते तुम्हाला सांगू शकत नाही, ते फक्त चिडचिड करतं किंवा गप्प बसतं.

लिंगची सहा आवाजांची टेस्ट शिकून घ्या, डॅनियल लिंग यांनी ती बनवली आणि ती करायला काहीही विकत आणावं लागत नाही. आवाज सहाच: म्, ऊ, आ, ई, श्, स्. यात बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून अगदी वरच्या पट्टीपर्यंत सगळं येतं, म् आणि ऊ खाली, आ मध्ये, श् वर आणि स् सगळ्यात वर. करायचं असं: खोलीतला टीव्ही आणि पंखा बंद करा, मुलाच्या शेजारी किंवा मागे साधारण एक मीटरवर बसा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, तोंडावर हात घट्ट धरू नका कारण त्याने आवाजच बदलतो. नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात एक एक आवाज काढा, रोज क्रम बदला आणि दोन आवाजांमधलं अंतरही कमीजास्त ठेवा, नाहीतर मुलं तालावर अंदाज बांधतात, फार हुशार असतात. बाळ असेल तर डोळे, चोखणं थांबणं, मान वळवणं यावर लक्ष ठेवायचं. दोन-अडीच वर्षांचं असेल तर हातात ठोकळा द्यायचा, आवाज आला की डब्यात टाकायचा. त्याहून मोठं असेल तर जे ऐकलं ते परत म्हणायचं. उजवा कान वेगळा, डावा वेगळा, मग दोन्ही. एक मीटरवर जमलं की दोन मीटर, मग तीन.

काल स् ऐकू येत होता आणि आज येत नाहीये तर काहीतरी बिघडलंय. आधी सेल बदलून बघा, मग मोल्ड साफ करा, नळीतलं पाणी फुंकून काढा, तरीही नाही तर सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. हे सगळं एका वहीत किंवा मोबाईलच्या नोट्समध्ये तारखेसकट लिहीत जा. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी आणि मशीनचं सेटिंग करणाऱ्या तज्ज्ञांकडे, जाताना ही नोंद घेऊन गेलात तर "बरं चाललंय" या उत्तरापेक्षा त्यांना शंभरपट जास्त कळतं, आणि त्यावरून ते मशीनचं सेटिंग बदलू शकतात.

मशीन स्वतः ऐकून बघायला स्टेथोक्लिप नावाची नळी मिळते, स्टेथोस्कोपसारखी, ती मशीनला लावून घरातल्या मोठ्यांनी रोज ऐकावं, खरखर, तुटक आवाज, पडलेला आवाज लगेच कळतो. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, ओलाव्यापासून वाचतं. सेल झिंक-एअरचे असतील तर स्टिकर काढल्यावर मिनिटभर तसेच हवेत ठेवून मग बसवा, आणि एकदा स्टिकर काढला की परत चिकटवून सेल वाचत नाही. हे सेल अगदी बारीक असतात, मुलाने गिळला तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा. लहान मुलाच्या मशीनला सेलच्या झाकणाचं लॉक मागून घ्या.

मशीन शिट्टी मारतंय म्हणून आवाज कमी करून ठेवणारे बरेच लोक बघितलेत. शिट्टी वाजते कारण बहुतेकदा मोल्ड सैल झालेला असतो, बाळाचा कान भराभर वाढतो, पहिल्या वर्षात तर मोल्ड दर काही आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागू शकतो. नवीन मोल्ड करून घ्या, आवाजाला हात लावू नका.

आणि मशीन किती वेळ घालायचं, तर मूल जागं आहे तेवढा सगळा वेळ. आजच्या बहुतेक मशीनमध्ये रोज सरासरी किती तास वापरलं याची नोंद होते, ऑडिओलॉजिस्टला ती कॉम्प्युटरवर दिसते, तुम्हीही विचारून बघा. दोन तास निघाले तर स्वतःला दोष देत बसू नका, मूल मशीन कधी काढून फेकतं ते शोधा: कपडे बदलताना, गाडीत, की झोपेला आल्यावर. टोपी, क्लिप, त्वचेला चालणारी टेप, डोक्याचा पट्टा, जे टिकेल ते वापरा. पण रोज ठराविक कानालाच हात जातोय, कान लाल होतोय, किंवा मोठ्या आवाजाला मूल दचकून रडतंय, तर तो हट्ट समजू नका, दुखत असेल किंवा सेटिंग जास्त असेल. मशीन लावताना कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते मोजता येतं, ते आपल्या मुलाचं केलंय का हे विचारायला संकोच करू नका.

इम्प्लांट असेल तर यातलं बरंचसं तसंच, लिंगची टेस्ट तर हवीच. वेगळं काय, तर मॅपिंगच्या, म्हणजे इम्प्लांटचं सेटिंग जुळवण्याच्या, तारखा चुकवायच्या नाहीत, न्यूमोकोकसची लस झालीय ना हे डॉक्टरांशी बोलून पक्कं करायचं कारण इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका जरा जास्त असतो, आणि स्विच ऑनच्या दिवशी मूल नावाला हाक मारताच वळून बघेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. त्या दिवशी त्याचे कान जन्मले असं धरा. शिवाय आंघोळीला, झोपताना प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा बाहेरचा भाग, काढला की बहुतेक मुलांना काहीच ऐकू येत नाही, म्हणून इम्प्लांट झालं तरी खुणा सोडू नका.

अंतर आणि गोंगाट

मशीन चांगलं आहे तरी मूल लक्ष देत नाही अशी तक्रार आली की मी आधी विचारते, तुम्ही कुठे उभे राहून बोलत होता? मशीनची खरी पकड एक-दोन मीटरची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो, आणि घरात त्यात भर पडते ती पंख्याची, मिक्सरची, टीव्हीची, आणि उघड्या भिंती-फरशीवरून घुमणाऱ्या आवाजाची. मशीन सगळंच मोठं करतं, तुमचा आवाजही आणि मिक्सरही. म्हणून पडदे, सतरंजी, चटई असं काहीतरी मऊ खोलीत असू द्या, बोलायच्या वेळी टीव्ही बंद, आणि दुसऱ्या खोलीतून हाका मारणं बंद, जवळ जाऊन, त्याच्या उंचीला बसून बोला.

जवळ जाता येत नाही तिथे रिमोट माइक, म्हणजे ज्याला पूर्वी एफएम सिस्टीम म्हणायचे तेच. बोलणाऱ्याच्या गळ्याशी माइक, तोंडापासून साधारण वीतभर खाली, आणि आवाज वायरलेसने थेट मुलाच्या मशीनमध्ये. शाळेत वापरतातच, पण घरी आणि बाहेर याचा उपयोग फार कमी लोक करतात आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो: गाडीत मूल मागे बसलंय आणि तुम्ही पुढे, बागेत ते घसरगुंडीवर आणि तुम्ही खाली, सायकलवर मागच्या सीटवर. या वेळा एरवी पूर्ण मुक्या जातात. माइक असेल तर "ते बघ, कुत्रं पाण्यात उतरलं, आता अंग झाडणार, पळ!" हे त्याच्यापर्यंत त्याच क्षणी पोचतं.

पण माइक वापरताना भान ठेवायचं. मुलाशी बोलत नसाल तर म्यूट करा, तुमचं फोनवरचं बोलणं त्याच्या कानात ओतू नका. आणि दिवसभर एकाच माणसाचा आवाज कानात, बाकीचे सगळे पुसट, असंही करू नका. ऐकू येणारी मुलं बरीचशी भाषा त्यांच्याशी न बोललेल्या गोष्टींमधून उचलतात, मोठ्यांच्या गप्पा, भावंडांची भांडणं, दारातले संवाद, आणि कर्णबधिर मुलाचं नेमकं हेच निसटतं. घरातले सगळे जेवायला बसलेत, हसतायत, मूल विचारतं काय झालं, आणि उत्तर मिळतं "काही नाही, नंतर सांगते". हे "नंतर" बंद करा. माइक मध्ये ठेवा, किंवा जो बोलतोय त्याच्या हातात द्या, एका वेळी एकानेच बोलायचं असा घरचा नियम करा, आणि तरीही निसटलं तर लगेच दोन वाक्यांत सांगा, खुणेने सांगा, पण त्याच वेळी सांगा. मोबाईलचा आवाज ब्लूटूथने थेट मशीनमध्ये जात असेल तर हेही बघा की त्या वेळी मशीनचे बाहेरचे माइक किती चालू राहतात, बऱ्याच मशीनमध्ये ते कमी होतात, म्हणजे मूल कार्टून ऐकतंय आणि तुम्ही मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

ओठ, चेहरा, उजेड

ओठांवरून सगळं कळतं असं समजणारे खूप आहेत. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात. क, ग, ह तर आतच होतात, दिसतच नाहीत. म्हणून ओठवाचन हा आधार आहे, त्यावर सगळा भार टाकू नका. चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा, खिडकीकडे पाठ करून नको, जास्त तोंड वेंगाडून बोलू नका त्याने उलट ओठांचे आकार बिघडतात. डब केलेल्या कार्टूनमध्ये ओठ आणि शब्द जुळत नाहीत, अशा मुलांना ते बघून काहीच हाती लागत नाही.

मुलाचे डोळे नीट तपासून घ्या, नियमित घ्या. ज्याला डोळ्यांनी भाषा घ्यायचीय त्याचा चष्मा वेळेवर झालाच पाहिजे, आणि अशर सिंड्रोमसारखे आजार असतात ज्यात ऐकण्याबरोबर पुढे नजरही कमी होत जाते.

खुणा मोबाईलवरून शिकायच्या असतील तर

नव्वद टक्क्यांहून जास्त कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, म्हणजे बहुतेकांना खुणांची भाषा, म्हणजे साइन लँग्वेज, मुलाच्या बरोबरीनेच शिकावी लागते, आणि इथे मोबाईल खरंच वरदान आहे. फक्त एक बघा, व्हिडिओ शोधायला गेलं की सगळ्यात जास्त अमेरिकन साइन लँग्वेज समोर येते. साइन लँग्वेज जगभर एक नसते, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे इंग्रजीच बोलतात पण तिथल्या साइन लँग्वेज एकमेकींहून पूर्ण वेगळ्या आहेत. तुमच्या मुलाला पुढे ज्या मुलांमध्ये वावरायचंय त्यांची भाषा शिका, अधिकृत व्हिडिओ डिक्शनरी असेल तर तीच वापरा, आणि शिकवणारी व्यक्ती स्वतः कर्णबधिर असेल असं चॅनल निवडा.

शिकताना शब्दांच्या याद्या पाठ करू नका. एक प्रसंग घ्या, समजा आंघोळ, आणि त्यात लागणारी आठ-दहा वाक्यं खुणांनी बसवा: पाणी गरम आहे, डोळे मीट, साबण निसटला, आता पुसू या. व्हिडिओचा स्पीड अर्धा करून बघा, मग फ्रंट कॅमेऱ्याने स्वतःचं रेकॉर्डिंग करून शेजारी शेजारी तुलना करा. हात बरोबर येतात पण चेहरा कोरा राहतो, आपल्या सगळ्यांचं असंच होतं, आणि साइन लँग्वेजमध्ये प्रश्न, नकार, किती मोठं, किती जोरात हे चेहऱ्यावरच असतं, तो व्याकरणाचा भाग आहे. म्हणूनच खुणा ओळखणारे हातमोजे किंवा खुणा करणारी कार्टून माणसं अशी काही नवीन वस्तू दिसली की मी आधी बघते की त्यात चेहऱ्याचं काय केलंय, बहुतेकदा काहीच केलेलं नसतं.

व्हिडिओ कॉल

माझ्या मते घरातलं सगळ्यात चांगलं भाषेचं साधन हेच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा दीड वर्षाच्या आतल्या बाळांना स्क्रीन नको म्हणताना व्हिडिओ कॉलला सूट देते, कारण समोर खरं माणूस असतं आणि ते उत्तर देतं.

फोन हातात धरून बोलू नका, स्टँडवर किंवा डब्याला टेकवून ठेवा, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. फ्रेममध्ये डोक्याच्या वर थोडी जागा आणि खाली कमरेपर्यंत, म्हणजे हात बाहेर जात नाहीत. उजेड समोरून. मागे साधी भिंत किंवा पडदा, अंगातला शर्ट हाताच्या रंगाहून वेगळा, चट्टेपट्टे नकोत. नेट रडत असेल तर इतर डिव्हाइसवरचे व्हिडिओ बंद करा, खुणा नीट दिसायला सेकंदाला साधारण २५ फ्रेम लागतात, चित्र अडकलं की खुणेचा मधला भागच गायब होतो.

आजी-आजोबा कॉलवर असले की ते हमखास विचारतात "बाळा, मी कोण? सांग, मी कोण?" आणि मूल दोन मिनिटांत उठून जातं. त्यांना एक काम द्या. आजीने पाठीमागे काहीतरी लपवायचं, हळूहळू दाखवायचं, मुलाने ओळखायचं, मग मुलाने लपवायचं. किंवा आजोबांच्या कुंडीत कळी आली, दर दोन दिवसांनी तीच कुंडी दाखवायची, काल एवढी होती, आज एवढी झाली, उद्या काय होईल? बोलायला विषय मिळाला की भाषा आपोआप खेचली जाते. ग्रुप कॉल असेल तर बोलायच्या आधी हात वर करायचा, म्हणजे मुलाला कुठल्या चौकटीकडे बघायचं ते कळतं.

आणि शक्य असेल तर आठवड्यातून एकदा एखाद्या मोठ्या कर्णबधिर व्यक्तीशी व्हिडिओवर भेट ठरवा. भाषा तर सुधारतेच, पण मोठी माणसंही कर्णबधिर असतात, नोकरी करतात, गाडी चालवतात, हे मुलाला पहिल्यांदा तिथे दिसतं.

फोटोंचं पुस्तक

आज एकच गोष्ट सुरू करायची असेल तर ही करा. दिवसात जे काही घडलं त्याचे तीन-चार फोटो मोबाईलवर काढा. समजा मांजर कपाटावर चढली आणि तिला उतरता येईना. एक फोटो मांजरीचा, एक स्टूल ओढणाऱ्या बाबांचा, एक मांजर उडी मारून पळाल्यावर रिकाम्या कपाटाचा, एक बाबांच्या हातावरच्या ओरखड्याचा. संध्याकाळी हे फोटो मुलाबरोबर बघा, त्याला जे म्हणायचंय ते म्हणू द्या, त्याने फक्त मांजरीची खूण करून वर बोट दाखवलं तर तुम्ही ते पूर्ण करा, "हो, मांजर वर चढली, खूप घाबरली". मग प्रत्येक फोटोखाली एक वाक्य लिहा, प्रिंट काढा नाहीतर फोनमध्येच अल्बम करा, आणि दुसऱ्या दिवशी आजी आली की मुलाने तिला ते दाखवून सांगायचं.

यात काय काय होतं बघा. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलणं होतं, भूतकाळ येतो, "का" येतो, आणि मनातलं येतं: बाबांना वाटलं मांजर ओरखडणार नाही, पण तिने ओरखडलं. वाटलं, आठवलं, विसरला, माहीत नव्हतं हे शब्द कर्णबधिर मुलांच्या कानावर-डोळ्यांवर फार उशिरा पडतात, घरी सगळं "पाणी दे, बूट घाल" एवढ्यावरच चालतं, आणि मग दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायलाही ती मागे पडतात. ज्यांचे आईवडील स्वतः कर्णबधिर आहेत आणि घरात भरपूर खुणांनी बोलणं होतं त्या मुलांचं असं होत नाही. म्हणून फोटोंबरोबर मनातल्या शब्दांची मुद्दाम पेरणी करा.

फोटो दाखवताना एक लक्षात ठेवा, मूल फोटो आणि तुम्ही दोन्हीकडे एकाच वेळी बघू शकत नाही. आधी फोटो मनसोक्त बघू दे, मग मान वर करू दे, मग बोला किंवा खूण करा. थांबायची सवय लावून घ्या, आपल्याला थांबणं फार जड जातं.

लिहिणं, चॅट, सबटायटल्स

१९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर शास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टाइप केलेला मजकूर पाठवायची सोय केली. त्याआधी फोन ही गोष्ट कर्णबधिर लोकांसाठी बंदच होती. आज ती सोय प्रत्येकाच्या खिशात आहे, तर वापरा. मूल अक्षरं ओळखायला लागलं की घरच्यांचा एक छोटा ग्रुप करा, दुसऱ्या खोलीतून त्याला मेसेज पाठवा, "तुझी चप्पल कुठे लपवली सांग?" त्याने "चप्पल नाही मिळत मी" असं लिहिलं तर शिक्षकासारखं चुका काढू नका, "चप्पल मिळत नाहीये का? मग पलंगाखाली बघ" असं उत्तर द्या, बरोबर वाक्य त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं, बास. ग्रुपवर व्हॉइस नोट टाकणाऱ्या काका-मामांना प्रेमाने सांगा की व्हिडिओ टाका किंवा टाइप करा.

सबटायटल्स वाचता यायला लागल्यावरच उपयोगी, तोपर्यंत ती फक्त पट्टी. मोबाईलमधली आपोआप लिहिणारी अ‍ॅप्स चांगली आहेत, मोठ्या मुलांना वर्गात, दवाखान्यात खूप उपयोग होतो, पण ती नावं चुकवतात, गोंगाटात भलतंच लिहितात, आणि ज्याची भाषा पक्की आहे त्याला चूक ओळखता येते, ज्याची अजून तयार होतेय तो चुकीचंच खरं मानतो. म्हणून लहान वयात माणसाने बनवलेली सबटायटल्स निवडा आणि मध्ये मध्ये थांबवून बोला.

शाळेत

शिक्षकांना माइक देताना दोन गोष्टी सांगाच: वर्गातली दुसरी मुलं उत्तर देतात तेव्हा माइक त्यांच्याकडे फिरवा किंवा त्यांचं उत्तर स्वतः परत म्हणा, आणि फळ्याकडे तोंड करून शिकवू नका. शाळेतून आल्यावर मूल मशीन काढून शांत बसलं तर बसू द्या, दिवसभर ताण देऊन ऐकणं फार थकवतं, तो अर्धा तास खुणांमध्ये किंवा नुसता जवळ बसून जाऊ दे.

जमतंय की नाही कसं बघायचं

महिन्यातून एकदा पाच मिनिटं फोन कपाटावर ठेवून मुलाशी खेळतानाचं रेकॉर्डिंग करा आणि रात्री शांतपणे बघा. मूल बघत नसताना मी किती वेळा बोलले? प्रश्न विचारून किती थांबले? त्याने सुरू केलेल्या विषयावर मी गेले की त्याला माझ्या विषयावर ओढलं? शिवाय त्याला येणाऱ्या शब्दांची-खुणांची यादी ठेवा, समजतात ते वेगळे, स्वतः वापरतो ते वेगळे. वर्षभरात वर्षभराची वाढ दिसली पाहिजे, सहा महिने यादी तिथेच अडली असेल तर थेरपिस्टबरोबर बसून काहीतरी बदला: मशीनचं सेटिंग, इम्प्लांटचा विचार, खुणा वाढवणं. काही मुलांना ऐकण्याबरोबर आणखीही अडचणी असतात, त्यांच्यासाठी चित्रांचे बोर्ड किंवा चित्र दाबलं की बोलणारी अ‍ॅप्स लागतात, ती वेळेवर आणा, हा शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवू नका.

आणि चार-पाच वर्षांपासून मशीन मुलाच्या ताब्यात द्यायला लागा. सेल तो बदलेल, तुम्ही बघाल. माइक तो स्वतः नेऊन बाईंच्या हातात देईल. "माझं मशीन बंद पडलंय", "मला ऐकू आलं नाही, परत सांगा", "तुम्ही इकडे तोंड करून बोला", ही तीन वाक्यं बोलून, खुणेने आणि लिहून, तिन्ही प्रकारे त्याच्याकडून घरात करून घ्या, बाहुल्यांशी खेळताना, दुकान-दुकान खेळताना, आणि तो ती घरात म्हणेल तेव्हा हातातलं काम टाकून लगेच त्याचं ऐका, म्हणजे बाहेर अनोळखी माणसासमोर म्हणायला तो कचरणार नाही.